कच्चा खर्डा आणि लाल शाई

न्यायालयात तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही : पहिला खर्डा कधीच दाखल होत नसतो. अशील येतो, आपली हकीकत सांगतो, आम्ही ती कागदावर उतरवितो, रात्री पुन्हा वाचतो, निम्मी खोडतो आणि सकाळी त्याला वाचून दाखवितो. तो म्हणतो, "साहेब, असं नव्हतं झालं." मग दुसरा खर्डा होतो, कधी तिसरा होतो, आणि तेव्हा कुठे बांधाच्या भांडणाची खरी कहाणी कागदावर येते. दोन गुंठे जमिनीच्या वादाला जी मुभा आपण निःसंकोच देतो, ती मराठी मुलाच्या कवितेला द्यावयास आपण तयार नाही, ही या लेखातील आमची तक्रार आहे. ती सरकारविरुद्ध असती तर लिहिणे सोपे गेले असते. ती पुष्कळशी आपल्याच विरुद्ध आहे, म्हणून सीमेच्या दोन्ही अंगांच्या वाचकांनी ती जरा सबुरीने ऐकावी.

आमचा जिल्हा बिदर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, बिदरचा मोठा भाग म्हैसूरला जोडला गेला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले; २०१४ पासून ते तेलंगणात आहे. एकाच घरातील तीन भावांनी तीन राज्यांचे रहिवासी व्हावे, असा तो प्रकार होता. नकाशावर रेघा पडल्या तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. काचीगुड्यात, सुलतान बाजारात आमचे नातेवाईक आजही आहेत आणि त्यांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते.

गेल्या जानेवारीत कामानिमित्त हैदराबादेस गेलो असता तेथील काही मराठी मंडळींनी रविवारचा आपला मराठीचा वर्ग पाहावयास बोलाविले. मुले सारी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाणारी. तेथे त्यांना कायद्याने तेलुगू शिकावी लागते, हिंदीही शिकावी लागते. मराठीच्या वाट्याला रविवारचे दोन तास. ते दोन तास विनावेतन देणाऱ्या बाई, भाड्याच्या सभागृहात मांडलेल्या सतरंज्या, भिंतीवर मुलांनी रंगविलेली अक्षरे, हे सारे पाहून आमचे मन भरून आले, हे प्रथम नमूद केले पाहिजे. पुढे जे लिहीत आहोत ते त्या बाईंना दोष देण्यासाठी नाही. त्यांना जसे शिकविले गेले तसेच त्या शिकवीत होत्या आणि आपणही सगळे तसेच शिकलो आहोत.

मुलांनी कविता म्हणून दाखविल्या. हातवारे ठरलेले, आवाजाचे चढउतार ठरलेले. मग बाईंनी कौतुकाने एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीची वही पुढे केली. "वकीलसाहेब, हिनं स्वतः कविता केली आहे." वहीत शिसपेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी होत्या :

आजी हल्लू उतरते जिना,
एकेका पायरीला नाव विचारते.
खाली भाजीवाला तिला अम्मा म्हणतो,
वर मी तिला आजी म्हणते.

त्या ओळींवर लाल शाई फिरली होती. 'हल्लू' खोडून 'हळूहळू' केले होते. पायऱ्यांना नाव विचारण्याची ओळ 'अर्थ लागत नाही' असा शेरा मारून वगळली होती. भाजीवाला गेला होता, अम्माही गेली होती. खाली बाईंच्या वळणदार अक्षरात नवी अखेर लिहिली होती : आजी माझी गुणांची खाण, मराठीचा तिला अभिमान. फलकावर लावायच्या पक्क्या प्रतीत ती लाल शाईतली कविता मुलीच्या नावाने उतरली होती. आम्ही मुलीला विचारले, "हल्लू का लिहिलंस ग?" ती म्हणाली, "काका, आजी तसंच म्हणते. खालच्या बिल्किस नानीशी बोलते ना, तेव्हा." बाई हसून म्हणाल्या, "इथल्या मुलांची भाषा अशी बिघडते बघा."

जूनमध्ये पुन्हा जाण्याचा योग आला. मुलगी वर्गात होती. नवे काही लिहिलेस का, असे विचारताच तिने सहज सांगितले, "काका, मी आता इंग्लिशमध्ये लिहिते. शाळेत आमच्या मिस पहिला कागद तपासतच नाहीत. तीनदा लिहायला देतात, मग वाचतात."

हे वाक्य आम्ही परतीच्या प्रवासात बिदरपर्यंत उराशी धरून आलो. मराठीचा शत्रू कोण, या प्रश्नावर आम्ही इतकी वर्षे भाषणे केली. परकी राज्यभाषा, पाट्या, परिपत्रके, न मिळणारे दाखले, अशी आमची यादी तोंडपाठ आहे. त्या यादीत लाल शाईची दौत कधी नव्हती. एका मराठी मुलीला लिहावेसे वाटले. इंग्रजीने तिला तीन कागद दिले आणि मराठीने एकही दिला नाही. ती कोणीकडे जाईल हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञ लागत नाही.

दुरुस्ती आणि पुनर्लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. दुरुस्ती दुसऱ्याने करावयाची असते, पुनर्लेखन ज्याचे त्याने. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६, नियम १७ हा वकिलांच्या रोजच्या वापरातला नियम आहे. पक्षकाराला आपला दावा किंवा कैफियत बदलावयाची असेल तर न्यायालय तशी परवानगी देऊ शकते. त्याच आदेशातील नियम १६ प्रमाणे अनावश्यक किंवा बदनामीकारक मजकूर काढून टाकण्याचा हुकूमही न्यायालय करू शकते. परंतु पक्षकाराची हकीकत न्यायाधीशाने स्वतःच्या हाताने लिहून द्यावी, असा नियम संहितेत कोठेही नाही. ज्या दिवशी न्यायाधीश वादीच्या वतीने दावा लिहू लागेल त्या दिवशी तो न्यायाधीश राहणार नाही आणि दावा वादीचा राहणार नाही. रविवारच्या त्या वर्गात नेमके हेच घडले. हकीकत मुलीची होती, निकाल बाईंचा होता, आणि निकालच हकीकत म्हणून फलकावर लागला.

खाडाखोड म्हणजे चूक, अशी आपली समजूत झाली आहे. स्वच्छ वही ती हुशार मुलाची, गिचमिड वही ती ढ मुलाची. या देशातील सर्वांत थोर खर्डा कोणता, याचा विचार केला तर ही समजूत किती पोकळ आहे ते कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. बाबासाहेबांसारख्या प्रज्ञावंताच्या मसुद्याला इतक्या वेळा फेरविचाराच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आणि आमच्या बारा वर्षांच्या मुलीने मात्र पहिल्याच बैठकीत शुद्ध, सयमक, संस्कारक्षम कविता लिहावी, अशी अपेक्षा!

आता त्या 'हल्लू'कडे वळू. हैदराबादची दखनी ऐकलेल्या कुणालाही ठाऊक आहे की तेथे 'नहीं' ऐवजी 'नक्को' म्हणतात, 'मैंइच', 'तूइच' असे जोर देऊन बोलतात. तो 'नको' आपला आहे, जोर देणारा तो 'च'ही आपला आहे, आणि 'हल्लू' हे आपल्या 'हळू'चेच भावंड आहे. हे शहर वसविणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः दखनीत कविता करीत असे. चार शतके एका अंगणात नांदलेल्या भाषांनी एकमेकींची भांडी वापरली, यात बिघडले काय? बिल्किस नानीशी बोलताना आजीच्या तोंडी 'हल्लू' येतो तेव्हा मराठी बिघडत नसते. शेजारी दिलेली वाटी भरून परत येत असते. 'हल्लू' खोडल्याने मराठी शुद्ध झाली नाही. त्या कवितेतला शेजार गेला, जिना गेला, काचीगुडा गेला. उरली ती कोणत्याही गावची, कोणत्याही आजीची, कुणीही न पाहिलेली कविता.

कुणी म्हणेल, मग चुका तशाच राहू द्यायच्या काय? मुळीच नाही. 'हल्लू' ठेवावा की 'हळू' घ्यावा, याचा निर्णय मुलीने करावयाचा होता. तिला विचारता आले असते : वर घरात आजी हळू म्हणते आणि खाली जिन्यात हल्लू म्हणते, तर तुझी कविता जिन्यात आहे की घरात? या एका प्रश्नाने त्या मुलीला भाषेविषयी जे कळले असते ते शुद्धलेखनाच्या पन्नास नियमांनी कळणार नाही. कदाचित तिने दोन्ही शब्द ठेवले असते, एक वरच्या मजल्यावर आणि एक खालच्या. शिक्षकाने प्रश्न विचारावा, कवीने खोडावे, असा हा साधा न्याय आहे.

गंमत अशी की ज्या हैदराबादेत हे घडले, तेथे कवितेच्या फेरलेखनाची मोठी शाळा नांदून गेली आहे. उर्दूत तिला इस्लाह म्हणतात. शागिर्द आपली गझल उस्तादाकडे पाठवी, उस्ताद एखादा शब्द सुचवी, एखादी ओळ सैल आहे असे कळवी, आणि शेर शागिर्दाच्याच नावाने राही. दाग देहलवी हे सहावे निझाम मीर महबूब अली खान यांचे उस्ताद. ते १९०५ साली हैदराबादेतच वारले. नामपल्लीच्या यूसुफैन दर्ग्यात त्यांची कबर आहे. पंजाबात शिकत असलेला तरुण इक्बाल आपल्या गझला टपालाने या दागसाहेबांकडे पाठवीत असे. काही काळाने दागांनीच कळविले की आता या कवितेत सुधारण्याजोगे फारसे उरलेले नाही. उस्तादाचे मोठेपण त्या पत्रात आहे. आपली लेखणी केव्हा खाली ठेवावी, हे त्याला कळत होते. आमच्या वर्गात लेखणी खाली ठेवणारा उस्ताद दुर्मिळ आहे.

आणि हे सारे परक्यांचे, आपल्याकडे कविता ही स्फूर्तीने एकदाच उतरते, असे कुणी म्हणू नये. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने श्रोत्यांना थक्क केले आणि तो 'बालकवी' झाला, ही गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. ती सांगावी, परंतु पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जुळवून, पाठ तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली, हेही सांगावे. नाथ स्वतः मोठे कवी, ओवी त्यांच्या हातातली. तरीही त्यांनी ज्ञानदेवांच्या ग्रंथात आपली भर घातली नाही, आणि दुसऱ्या कुणी घालू नये असे बजाविले. दुसऱ्याच्या शब्दाला हात लावताना किती भ्यावे, याचा हा आपल्या घरातला धडा आहे. लाल शाईची दौत उघडण्यापूर्वी मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने तो आठवावा.

'कवी जन्मावा लागतो' हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर महाराष्ट्रातील जात्यांनी केव्हाच दिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ती संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या रचणाऱ्या बायांना कवयित्री कुणी म्हटले नाही, बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. दळण सरेपर्यंत त्या ओवी घोळवीत, लेकीचे नाव बदलीत, माहेरची वाट बदलीत, शेजारणीची ओवी उचलून तिला आपले दुःख जोडीत. रोज पहाटे नवा खर्डा. कागद नव्हता एवढेच. ज्या भाषेत एक लाख ओव्या निरक्षर बायांनी रचल्या, त्या भाषेतल्या शिकलेल्या मुलांना कविता जमणार नाही, असे म्हणणारा माणूस आपल्याच आजीचा अपमान करतो. परदेशातही हेच दिसून आले. केनेथ कॉक या अमेरिकी कवीने १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहवून घेतल्या आणि १९७० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. निवडक प्रतिभावंत मुले त्याने वेचून काढली नव्हती. समोर जो वर्ग होता तोच घेतला.

तिसरा आक्षेप आमच्याच चळवळीतून येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. "वकीलसाहेब, आधी शाळा वाचवा, मग कविता बघू." या आक्षेपाचे वजन आम्ही जाणतो. शाळा बंद पडल्याचे कागद आमच्याच कपाटात आहेत. परंतु आपण ज्या हक्कासाठी भांडतो तो हक्क नेमका कशाचा, हे एकदा वाचून पाहू. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याविषयी बोलतो. अनुच्छेद २९ आपली भाषा जतन करण्याचा हक्क देतो, अनुच्छेद ३० आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ तर आणखी पुढे जाते. शिक्षण शक्य तेथवर मातृभाषेतून असावे. ते कृतीतून व शोधातून व्हावे. मूल भय आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणी मांडता यावे, असे ते कलम सांगते. मातृभाषा आणि मोकळी अभिव्यक्ती ही दोन्ही एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. आम्ही मात्र गेली कित्येक वर्षे त्यातला पहिला अर्धाच वाचला.

हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये ठरविले, आणि रविवारचा वर्ग तर शाळाही नाही. म्हणून कोणताही अधिकारी येऊन आपणास जाब विचारणार नाही. पण कायद्याने सुटका झाली म्हणून कर्तव्यातून सुटका झाली काय? बाहेरच्या सरकारने आमच्या मुलांचे तोंड बंद केले तर आम्ही मोर्चा काढू. आणि आमच्याच वर्गात, आमच्याच भाषेत त्यांचे तोंड बंद झाले तर टाळ्या वाजवू? शाळा वाचविणे म्हणजे केवळ इमारत आणि पटसंख्या वाचविणे नव्हे. ज्या भाषेत मुलाला स्वतःचे म्हणून काही सांगता आले, ती भाषा ते मूल सहसा टाकीत नाही. ज्या भाषेत त्याने केवळ दुसऱ्याचे पाठ केले, ती भाषा परीक्षा संपताच गळून पडते.

हैदराबादच्या पूर्वसुरींना हे कळत होते, असे आम्हांस वाटते. १९०७ च्या सुमारास विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळा या शहरात उभी राहिली, ती केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या वकिलांच्या पुढाकाराने. पक्षकाराचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकण्याची सवय असलेली ती माणसे होती. दरबाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यमही उर्दूच. अशा राज्यात आपली मुले मुकी होऊ नयेत, यासाठी ती धडपड होती. पुढे बी. रघुनाथ आणि वा. रा. कांत, दोघेही १९१३ साली मराठवाड्यात जन्मलेले, याच संस्थानी मुलखातून मराठीचे मोठे कवी झाले. उर्दूचा शेजार दोघांनाही लाभला. एकाने बांधकाम खात्याच्या नोकरीत राहून लिहिले, दुसऱ्याने नभोवाणीच्या. उर्दूच्या शेजाराने त्यांची मराठी बाटली नाही, तिला नवा सूर मिळाला. त्यांच्या प्रत्येक परभाषी वळणावर कुणी लहानपणीच लाल रेघ मारली असती, तर आज आपण कुणाच्या जयंत्या साजऱ्या केल्या असत्या?

म्हणून नुसती तक्रार करून आम्ही थांबत नाही. सीमाभागात, हैदराबादेत, किंवा जेथे जेथे मराठीचा वर्ग भरतो तेथे तेथे सहा आठवडे पुढील प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. त्याला पैसा लागत नाही.

पहिल्या आठवड्यात लिहिणे नाही. 'माझी आई', 'पाऊस', 'माय मराठी' हे विषय बंद. मुलांनी घरात, जिन्यात, बाजारात ऐकलेली पाच वाक्ये जशीच्या तशी टिपून आणावीत, त्यात तेलुगू येवो, कानडी येवो वा दखनी. दुसऱ्या आठवड्यात त्यांतील एका वाक्यावरून कच्चा खर्डा लिहावा. वर तारीख घालावी. खोडरबर दप्तरात राहील. चुकले तर एक रेघ मारून पुढे जावे, म्हणजे खोडलेलेही वाचता येते. शिक्षकांनी त्याच वेळी स्वतःचाही खर्डा लिहावा आणि मुलांना दाखवावा. आपल्या बाईंनाही पहिल्या झटक्यात जमत नाही, हे पाहिल्यावर मुलांचे निम्मे भय जाते. तिसऱ्या आठवड्यात दोघादोघांनी एकमेकांना वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगाव्यात : मला कोठे चित्र दिसले आणि कोठे वाट हरवली. छान आहे, वाईट आहे, असे म्हणावयास मनाई.

चौथ्या आठवड्यात दुसरा खर्डा. किमान एक ओळ काढावी, एक शब्द बदलावा आणि का बदलला ते समासात एका वाक्यात लिहावे. हे समासातले वाक्य आम्हांस कवितेइतकेच मोलाचे वाटते. ज्याला शब्द का बदलला हे सांगता येते त्याला भाषा आली. पाचव्या आठवड्यात ज्याला हवे त्याने आपली कविता ओवीत बसवून पाहावी. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. जात्याची लय हातावर धरावी आणि काय मावते, काय सांडते ते पाहावे. न मावले तर मुक्त ठेवावी. यमकासाठी खोटे बोलू नये. सहाव्या आठवड्यात, आणि तेव्हाच, ऱ्हस्व-दीर्घ पाहावे. शुद्धलेखनाला आमचा विरोध नाही; वकिलाला एका वेलांटीची किंमत चांगली ठाऊक असते. परंतु वेलांटी हे घराचे रंगकाम आहे, पाया खणताना रंगाचा डबा उघडत नाहीत.

शेवटी वर्गाचे हस्तलिखित काढावे. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढले. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला मान दिला. ही आपलीच परंपरा आहे. आमची भर एवढीच की हस्तलिखितात पक्क्या प्रतीच्या समोरच्या पानावर कच्चा खर्डा चिकटवावा, खाडाखोडीसकट. हल्ली यंत्राला सांगितले की ते क्षणात आजीवर गोड कविता लिहून देते. अशा काळात ती कविता त्या मुलाचीच आहे याचा पुरावा म्हणजे ते खोडलेले पान. वकील म्हणून सांगतो, याहून बळकट पुरावा मिळणार नाही.

आणि एक शब्द स्वतःविषयी. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. आम्ही मुलांना फेटे बांधतो, रांगेत उभे करतो, अभिमानाच्या त्याच कविता म्हणवून घेतो, छायाचित्रे काढतो. १ नोव्हेंबरला त्याच मुलांकडून घोषणा म्हणवून घेतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि त्या व्यासपीठावरही मुलांना पाठ केलेलेच म्हणावयास लावले. या इतक्या वर्षांत 'तुला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न आम्ही एकाही मराठी मुलाला विचारला नाही. आम्ही त्यांना मराठीचे भालदार-चोपदार केले, मालक केले नाही. हा आमच्यावरचा आरोप आहे, आणि तो आम्ही कबूल करतो.

येत्या गौरव दिनी आमच्या भागातील कार्यक्रमात पाठांतर स्पर्धा ठेवू नये, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. त्या जागी मुलांचे खर्डे वाचले जावेत, दोन्ही बाजूंचे, कच्चे आणि पक्के. सीमेपलीकडील वाचकांनी आपापल्या गावी हेच करावे आणि हस्तलिखिताची एक प्रत आम्हांकडे धाडावी. बिदरची एक प्रत आम्ही तुम्हांकडे धाडू. हैदराबादच्या त्या बाईंशी आमचे बोलणे झाले आहे. "प्रयत्न करून बघते, पण मला आधी स्वतःला लिहून बघावं लागेल," असे त्या म्हणाल्या. एवढा प्रांजळपणा आमच्या चळवळीत फारसा आढळत नाही. त्या मुलीसाठी आम्ही कोऱ्या कागदांची एक वही पाठविली आहे आणि पहिल्या पानावर तिच्या चार ओळी जशा होत्या तशा लिहून दिल्या आहेत, जिन्यासकट, बिल्किस नानीच्या 'हल्लू'सकट. दुसरा खर्डा करावा की नाही, आणि कोणत्या भाषेत, हे तिने ठरवावयाचे आहे.